बबलरॅपचा समुद्र

हरिदास : सूनबाई, समुद्राचं चित्र म्हणालीस ना? यात पाणी कुठाय?

श्यामला : बाबा, त्या लाटा पॅकिंगच्या बबलरॅपच्या आहेत. बाकी फ्रेम सोनेरी, आभाळ काळंकुट्ट, सगळं जुन्या समुद्रचित्रांसारखंच.

हरिदास : आणि जहाज म्हणून माल उचलायची फोर्कलिफ्ट. वर कोण बसलंय, तेही दिसतंय.

श्यामला : नाही आवडलं?

हरिदास : मला हुबेहूब काढलंयस. तीच तर पंचाईत. पिवळ्या जॅकेटसकट!

श्यामला : वेअरहाउसमध्ये सत्तावीस वर्षं तेच घालायचात ना?

हरिदास : आत घालायचो. स्लाऊच्या बसमध्ये कधी नाही. घरून सूट-टाय घालून निघायचो, तिथे जाऊन बदलायचो. इंग्लंडातून गावाकडे पाठवलेले फोटो सगळे सुटातले. धाकट्या भावाला अजून वाटतं, मी ऑफिसात साहेब होतो.

श्यामला : आणि आईंना?

हरिदास : टाय तीच बांधून द्यायची.

श्यामला : म्हणजे त्यांना माहीत होतं.

हरिदास : शनिवारी प्रदर्शनाच्या ओपनिंगला आपल्या विहारातली सगळी मंडळी येणार. त्यातली धम्मशीला फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणार. पाच मिनिटांत गावात. एक कोट रंगव ना वरून.

श्यामला : कोट घालून फोर्कलिफ्ट? लोक हसतील, बाबा.

हरिदास : आत्ता काय रडणारेत? गमतीचं चित्र आहे, असं तूच म्हणालीस.

श्यामला : गंमत जुन्या चित्रांतल्या त्या आरमारातल्या गोऱ्या साहेबांची. छाती काढून उभे असतात ना, त्यांची. तुमची नाही. तुम्ही नको म्हणालात तर गॅलरीची चारची व्हॅन रिकामी परत पाठवते.

हरिदास : आणि गॅलरीतली तुझी भिंत?

श्यामला : राहील तशीच रिकामी.

हरिदास : दीड वर्ष बघतोय मी. बाळ झोपलं की तू पळत शेडमध्ये, चित्र काढायला. चहासुद्धा तिथेच गार व्हायचा.

श्यामला : बघत होतात?

(हरिदास चष्मा लावून चित्राच्या अगदी जवळ जातो.)

हरिदास : हे काय? पुढचे फोर्क एवढे वर? त्यावर मालाचा लोड पण आहे!

श्यामला : वादळात जहाजाचं नाक कसं वर उठतं, तसं...

हरिदास : वादळ तुझं, गाडी माझी. लोड वर धरून कुणी चालवतं का? उलटेल ना. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो मी.

श्यामला : पण बाबा, चित्रात...

हरिदास : जमिनीपासून वीतभर, बस्स. सुकेल ना चारपर्यंत?

श्यामला : सुकेल. म्हणजे... पाठवू?

हरिदास : आधी ते फोर्क खाली घे. चारचौघांनी बघून म्हणायला नको, हरिदासला गाडी चालवता येत नव्हती.