"मम्मी, जमीन हलती!"

…आन् वर सगळे मलाच म्हणायचे, "मोनिका, पोरीला चालायला तरी शिकीव!" आता सांगा, पाच वर्षांच्या पोरीला चालायला काय शिकवायचं? चालत होती की! पण चालता चालता मधीच तिरपी व्हायची… सपाट अंगण, ना दगड ना गोटा, आन् आमची सृष्टी धप्पकन् खाली! की लगेच चारी बाजूंनी एकच, "खाली बघून चाल!"

तुमाला सांगते, काय काय न्हाई केलं! सासूबाईंनी पायात काळा दोरा बांधला, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, सगळं घर ठसकलं, धूर चुकवायला पोरगी पळाली आन् परत पडली! नवरा म्हणतो, "मी बी लहानपणी लई पडायचो." म्हटलं, दिसतंय! शाळेतल्या मॅडम म्हणतात, "लक्षच नसतं हो तिचं, हाक मारली तरी बघत नाही. सृष्टी, खाली बघून चाल!"

आन् पोर बिचारी सारखं सांगायची, "मम्मी, जमीन हलती." तर घरभर हसू! "हलती व्हय? मग धरून ठेव तिला घट्ट!"

मग आलं शाळेचं गॅदरिंग. सगळ्या पोरींनी गिरकी घेतली आन् थांबल्या… आमची थांबंचना! फिरत फिरत गेली ती थेट साऊंडबॉक्सवर! सगळा मंडप हसतोय, मागून शिट्ट्या… आन् सृष्टी उठली, परकर झटकला, आन् हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला! तिला वाटलं, वा वा करत्यात… मी धावत गेले, तशीच उचलली तिला.

दुसऱ्या दिवशी संगमनेरला, कानाच्या डॉक्टरकडं. कानाच्या का? तर हाक ऐकत न्हाई, मंडपातलं हसणंबी तिला कळलं न्हाई म्हणून! पडायचं तर मी बोललेच न्हवते. डॉक्टरांनी कानात बघितलं, मशिन लावलं आन् आपणहून विचारलं, "ही फार पडते का हो?" मी हो म्हटलं तर म्हणाले, "दोन्ही पडद्यांच्या मागं पाणी साठलंय, चिकट. ऐकणं आन् तोल सांभाळणं, दोन्ही कामं कानाच्या आतच चालतात. हिला खरंच जमीन हलल्यासारखी वाटत असणार."

अहो, पोरगी दुसरं काय सांगत होती! आन् आमी… "खाली बघून चाल!" दवाखान्यातच रडले मी. ती माझे डोळे पुसती, म्हणती, "मम्मी, तू पण पडली?"

औषधं झाली, कित्येक महिने वाट बघितली, पाणी काय हटंना. शेवटी भूल देऊन पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. आन् आता? लंगडी घालती! कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पळती, पण सरळ पळती हो!

मग आमचं घरात सुरू झालं, चूक कुणाची? सासूबाई म्हणतात, "आई तू, तुला कळायला नको?" मी म्हणते, "दोरा कुणी बांधला?" आवाज चढत चढत पार गोठ्यापर्यंत! तर परवा सृष्टी दारात उभी. चेहरा एवढासा. म्हणती,

"मम्मी, थोडं पाणी परत घाल ना कानात."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला तर तोंड लपवायला जागाच न्हवती.

भांडण मिटलं असं न्हाई हां! आता आमी सासू-सुना खुणांनी भांडतो.