त्यांनी माफ केलं, ओवाळते मी

माझं माहेर चाकनकडलं, घरची शेती, आमी चौघी भनी, भाऊ न्हाई. पिंपरीत कंपन्या नव्या नव्या उभ्या ऱ्हात होत्या तवा लगीन होऊन काळेवाडीत आले. मालक कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. काय सांगू तुमाला, त्या मशिनीला दोन बटनं, दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हंजी हात आत सापडायलाच नको. तर ह्यांच्या आधीच्या शिफ्टला शंकर म्हनून होता, त्यानं काम झपाझप उरकावं म्हनून एका बटनात फळकुट ठोकलं, ते दाबलेलंच ऱ्हायलं, आन जाताना तसंच सोडून गेला, सांगितलं बी न्हाई. मालक उजव्या हातानं पत्रा सारखा करत हुते, डावा सवयीनं दुसऱ्या बटनावर पडला. चार बोटं गेली.

शंकर दवाखान्यात पाया पडून रडला तवा मालक म्हनले, जाऊ दे राव, तू काय मुद्दाम केलंस व्हय. झालं, मिटलं. लोक म्हनले, देवमानूस. आवो, पन सदऱ्याची बटनं कोन लावनार, नाडी कोन बांधनार, भाकरी कुस्करून कोन देनार? माफी दिली त्यांनी, निस्तरते मी. मला कुनी इचारलंच न्हाई.

त्यात दिवाळीला त्यालाच घरी घेऊन आले. म्हनले, तुला भाऊ न्हाई, त्याला भन न्हाई, ओवाळ. शेजारनी दारात उभ्या, न्हाई कसं म्हनू? ओवाळलं. आन एकदा ओवाळल्यावर भावाला शिव्या देता येत्यात व्हय? तोंडच शिवलं माझं. दरसाल येतो, लुगडं आनतो, मी टिळा लावते आन पोटात नुसता जाळ.

एका साली मालक पान आनायला गेले तवा ताट हातात धरून सांगितलंच, शंकर, मी काय तुला माफ केलेलं न्हाई. तर म्हनतो कसा, ठाव हाय ताई. दाजींनी एका शब्दात सोडलं, मला तेच झेपंना. तुमच्याफुडं बसलं की वाटतं, माझं केलेलं कुनीतरी ध्यानात ठेवलंय, मंग जरा बरं वाटतं.

आता काय करायचं मी? राग तेवढा माझा एकटीचा हुता, त्यात बी ह्यो येऊन बसला.

परवाच्या भाऊबीजेला पाटावर बसला, केस पिकल्यात. मालक डाव्या हातानं त्याला लाडू भरवत हुते, दोघं हसत हुते. मी अक्षता टाकल्या, म्हनलं, लई वर्सं जग बाबा. आन ते मनापासून म्हनलं बरं का. मी माफ केलं न्हाई, ह्ये सबंध दुनियेत त्या एकट्यालाच ठाव हाय.