कानापुढची रेघ

कॅमेरामन : सव्वाअकरा, वहिनी. तिसऱ्यांदा शॉट थांबला.

वहिनी : घड्याळ मलाही कळतं, भावजी. दिसलं काय ते सांगा.

कॅमेरामन : तेच. आबांच्या उजव्या कानापुढे रेघ. भाजलेली कातडी चिकटवलीय हे शेवटच्या रांगेतूनही कळेल.

वहिनी : सिलिकॉनची कड कागदाहून पातळ ओतलीय. स्पिरिटने विरघळवलीय. छिद्रं उठवलीत, चार रंगांचे शिंतोडे मारलेत. आता अजून काय, जीव ओतू?

कॅमेरामन : जुन्या कॅमेऱ्याला चाललं असतं. ह्याला लव न् लव दिसते.

आबा : मी जरा डोळे मिटू का?

वहिनी : मिटा. गाल हलवू नका.

कॅमेरामन : दिग्दर्शकांनी दुसऱ्या मेकअपमनला बोलावलंय. दोनला येतो. तुमचं नाव मी सुचवलं होतं. दादाला काय सांगू?

वहिनी : सांगा, बायको आज लवकर घरी येतेय. जा आता. बारापर्यंत मला एकटीला सोडा.

(कॅमेरामन जातो. वहिनी आबांच्या गालावरचा सिलिकॉनचा तुकडा सोलून काढते, गाल पुसते.)

वहिनी : आबा, डोळे उघडा. तुकडा माझ्या हातात आहे आणि रेघ तुमच्या गालावर.

आबा : उशीची असेल.

वहिनी : उशी दोन्ही कानांपुढे सारखी शिवते? म्हणून रोज घरून मेकअपचा बेस लावून येता होय! म्हणे, तुझा वेळ वाचतो.

आबा : हळू बोल. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरकडून गाल जरा ओढून घेतले.

वहिनी : आणि भूमिका सत्तरीच्या म्हाताऱ्याची!

आबा : ती नंतर आली.

वहिनी : तीनदा माझी खरडपट्टी निघाली. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात.

आबा : वाटलं, तू झाकशील. हात चांगला आहे तुझा.

वहिनी : रंगाने डाग झाकता येतो, उंचवटा नाही. भाजलेलं कानापर्यंत वाढवायचं तर नवा साचा हवा, दिग्दर्शकांची परवानगी हवी. ते विचारतील, का?

आबा : नको गं. गेल्याच आठवड्यात मुलाखतीत म्हणालो, चेहऱ्याला कधी सुई लावली नाही.

वहिनी : माझं काम जातंय, आबा. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

आबा : तुझ्यावर कोण विश्वास ठेवेल? म्हणतील, स्वतःची चूक माझ्या गालावर ढकलतेय.

वहिनी : म्हणून तर तुम्ही सांगा.

(कॅमेरामन परत येतो.)

कॅमेरामन : बारा वाजले. वहिनी, तुकडा काढलात? मग रेघ?

वहिनी : आहे. कुणाची, ते आबा सांगतील.

कॅमेरामन : आबा?

आबा : तो दुसरा मेकअपमन... किती वाजता म्हणालात?

कॅमेरामन : दोनला. घरून निघालाय.