बोरखेडीच्या तळ्यावर गवताचा उजेड मोजताना

दि. ११ जानेवारी १९७७, दुपारी ३

मी, रंगनाथ सिताराम खंदारे, वय २७ वर्षे, जात बौद्ध, धंदा नोकरी (सरकारी संशोधन योजनेत तांत्रिक सहायक), रा. पूर्णा, जि. परभणी, ठाण्यात समक्ष सांगतो ते असे की,

उपग्रहातून जमिनीचे फोटो घेतात. त्यात दलदल कोणती व पीक कोणते हे ओळखता यावे म्हणून तळ्याकाठचे लव्हाळे व पाणकणीस किती उजेड परत फेकतात ते यंत्राने मोजण्याचे काम माझ्याकडे आहे. उपग्रह अठरा दिवसांनी एकदा, सकाळी साडेनऊच्या सुमारास या भागावरून जातो. मोजणी त्याच वेळी व्हावी लागते.

आज सकाळी मी झरीपर्यंत एस.टी.ने व पुढे पायी बोरखेडीच्या सरकारी तळ्यावर गेलो. तेथे गवत कापणाऱ्या सुलाबाई, वय अंदाजे ५०, यांना मदतीस घेतले. त्या गुडघाभर पाण्यात पांढरी फळी धरून उभ्या होत्या. तुलनेसाठी यंत्र आधी फळीवर व मग गवतावर धरतात.

सव्वानऊ वाजता बोरखेडीचे शेतकरी व्यंकटराव तात्याराव दोन गड्यांसह आले. तळ्याच्या दलदलीत बांध घालून त्यांनी ज्वारी पेरली आहे. मी मोजणीला आलो म्हणजे ती जमीन काढून घेणार, असा त्यांचा समज झाला. मी ऑफिसचे पत्र दाखवले. ते त्यांनी हातात घेतले नाही. मी जमीन नव्हे, उजेड मोजतो, असे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "गवताचा उजेड मोजायलाव म्हंता. आमाला येडं समजायलाव का तुमी?"

नंतर त्यांनी माझे आडनाव विचारले. मी सांगितले. त्यापुढे ते मला अरे-तुरे बोलले व त्यांनी जातीवरून शिव्या दिल्या. "तुज्या लोकायला जमीन वाटायला आलास व्हय? तळ्याला हात लावायचा न्हाई," असे म्हणाले. सुलाबाईंना म्हणाले, "सुले, भाईर निघ. उद्यापून गवताला आलीस तर पाय मोडीन."

सुलाबाई बाहेर आल्या नाहीत. त्यांनी मला विचारले, "सायेब, फळी सरळ हाय ना?" मी होय म्हणालो व दोन आकडे वहीत लिहिले. तेव्हा ९ वाजून २८ मिनिटे झाली होती.

तिसरा आकडा घेण्याच्या आत एका गड्याने यंत्र त्याच्या तीन पायांच्या तिकाटण्यासह पाण्यात फेकले. दुसऱ्याने माझ्या डाव्या खांद्यावर काठी मारली. व्यंकटरावांनी सुलाबाईंना हाताला धरून काठावर ओढले. त्यांच्या बांगड्या फुटून मनगट कापले.

आम्ही साडेबारा वाजता ठाण्यात आलो. तीन वाजेपर्यंत बाहेर बसवण्यात आले. व्यंकटराव वजनदार माणूस आहे, फक्त यंत्राचे नुकसान लिहा, असा सल्ला मला येथे देण्यात आला. यंत्र सरकारचे आहे. शिव्या मला दिल्या आहेत. दोन्ही लिहावे, असे मी सांगितले.

सुलाबाई अजून बाहेर पायरीवर आहेत. त्यांचा जबाब घेतलेला नाही. तो आजच घ्यावा. त्यांना संध्याकाळी बोरखेडीलाच परत जायचे आहे.

हा जबाब मला वाचून दाखवू लागले तेव्हा मी तो मागून घेऊन स्वतः वाचला. त्यात शिव्यांच्या जागी "किरकोळ बाचाबाची" असे होते. ते खोडून मी सांगितले तसे लिहवून घेतले व खाडाखोडीवर सही केली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
रंगनाथ सिताराम खंदारे