एकच उरलेला कॅल्क्युलेटर

कर्जतच्या त्या स्टेशनरीवाल्याचा विषय काढूच नका गं, अजून माझं डोकं फिरतं. दुसऱ्या दिवशी माझा फायनान्सचा पेपर आणि आदल्या दुपारी कॅल्क्युलेटर बंद पडलेला. दुकानात माझी जीभ अडखळते, म्हणून मी चिठ्ठीच लिहून नेली होती: 'घातांकाचं बटण हवं, प्रोग्रॅमवाला चालणार नाही.' सोबत दहावीतला भाऊ, सुमित. दुकानदारानं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि सुमितला दिली. "वाच रं, काय पायजे?"

सुमितनं वाचली. दुकानदारानं खण इतक्या जोरात ओढला, की मी दचकलेच.

"सायंटिफिक एकच उरलाय. तू घे, तुझं दहावीचं वर्ष हाय. ताईला हा साधा बरा, बटणं मोठी हायेत."

"अहो, दहावीच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालतच नाही! पेपर माझा आहे, उद्या!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की माझी मीच घाबरले.

"वरडता कशाला, ताई? पोराचं गणित पक्कं नको व्हायला?"

सुमितनं सायंटिफिक उचलून माझ्यापुढे ठेवला. "काका, मला गणित हीच शिकवते."

"अस्सं," म्हणत दुकानदारानं बिलबुक उघडलं आणि परत त्याच्याकडेच बघून विचारलं, "मग बिल कुणाच्या नावानं करू रं?"

मी पेन हिसकावलं आणि माझं नाव मीच लिहिलं. इतकं दाबून, की खालच्या चार कोऱ्या बिलांवरही ते उमटलं.