हात थांबला की बदाम गेले

...नाही नाही, साखरेचे बदाम करायला माझी ना नाही हो, पण सभेच्या दिवशी? तुम्हाला सांगतो, आमच्या गायन मंडळात एक रीत आहे. नको असलेलं काम निघालं, की जो सभेला आलेला नाही त्याला निवडून मोकळं व्हायचं! गेल्या वर्षी मला सर्दी झाली. साधी सर्दी! मी आपला नाक पुसत घरी, आणि बायको हाइके सभेहून येऊन म्हणते, "अभिनंदन, फोल्कमार! नाताळच्या बाजारातले बदाम तुझ्याकडे!"

"अगं, तू काही बोलली नाहीस?"

"बोलायचं काय त्यात? हात वर केला."

घ्या! वर्षभर दात-ओठ खात थांबलो. म्हटलं, यंदा सभेला जायचं, उभं राहायचं आणि सांगायचं, हा घ्या तुमचा चमचा! तर सभा कधी ठेवली? बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, सहाला! आणि बदाम तर ताजेच हवेत. शेवटचा घाणा चढवला, म्हटलं होईल पटकन... कसलं पटकन! साखर-पाणी उकळतं, बदाम बुडतात, दालचिनीचा वास सुटतो, आपण खूश, आणि एकदम वाळू! पांढरी, कोरडी वाळू! ती पुन्हा वितळून बदामांवर चकाकेपर्यंत ढवळायचं. किती वेळ? साखरेची मर्जी! अध्यक्ष बोर्शर्टबाईंनी दम देऊन ठेवलाय, "हात थांबला की बदाम गेले!"

तेवढ्यात हाइके कोट घालून दारात. म्हटलं, "जरा चमचा धर ना, मी जाऊन नाही म्हणून येतो."

"आणि मी गैरहजर राहू? बाजारातला आपला तंबू धुवायचं काम माझ्या गळ्यात मारतील!" गेली! लग्नाची बायको हो!

फोन वाजतोय, उचलू कशानं? नाक खाजतंय, खाजवू कशानं? हात थांबला की बदाम गेले! खिडकीत शेजारचा डेटलेफ. "काय वास सुटलाय रे!"

"आत ये, देवासारखा आलास, चमचा धर!"

"छे बाबा, सभेला निघालोय. ताप आहे अंगात, पण घरी बसायची हिंमत नाही."

पावणेसहा... आणि कढईत अजून वाळू! मग काय करतो? उचलली कढई आणि निघालो! पोटाशी गरम कढई, ॲप्रन तसाच, भर रस्त्यात ढवळतोय. समोरून पाद्रीबुवा. "शुभ संध्याकाळ!" म्हणून टोपी काढतात, मी काय काढू? हात थांबला की बदाम गेले! पण नदीवरून असा गार वारा सुटला, की सभेच्या जागी, चर्चपाशी पोचेतो साखरेचा दगड झाला आणि चमचा त्यात ताठ उभा!

तसाच आत घुसलो. "थांबा! मी आलोय! मला बदाम नकोत!"

बोर्शर्टबाई म्हणाल्या, "अरे वा, आलास? मग आता गैरहजर कोण?"

बघतो तर काय, सगळे हजर! डेटलेफ मफलरात कुडकुडतोय, व्यूबेना आजोबा प्लास्टरातला पाय खुर्चीवर ठेवून बसलेत... एकही खुर्ची रिकामी नाही हो!

"मग निवडणार कुणाला?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. निवड झाली नाही, की जुनाच माणूस पुढे चालू. नियम आहे."

"आणि मी आलो नसतो तर?"

"तर तुलाच निवडलं असतं."

टाळ्या म्हणजे काय टाळ्या पडल्या! हाइके तर उभी राहून वाजवत होती. आणि कुणाला सांगू नका... मीही वाजवल्या. कढई टेबलावर होती, चमचा आपला आपण उभा होता, दोन्ही हात मोकळे होते. त्यांचं दुसरं करायचं तरी काय?