पुष्पलताचा अँटिलॉग

उमरोळी स्टेशनावर माझ्या शेजारच्या बाकावर गणिताचे मास्तर आणि एक कोळीण आजी बसली होती.

"मास्तर, माज्या पुष्पलताला म्याट्रिकला का बसू देत नाय?"

"आजी, गणितात नापास आहे. लॉग काढले, बेरीज केली, पण शेवटी अँटिलॉग घेतलाच नाही. आकडा मूळ रूपात आणायचाच राहिला."

"म्हंजे सुके बोंबील न भिजवताच वाढले?"

"अगदी तसंच!"

"मंग चूक तिचीच हाय."

"पटलं ना?"

"पटलं. मी पन नवी नवरी असताना तसेच वाढले. सासऱ्याचे दोन दात ताटात पडले, ते मांजरीनं पळवले. तरी त्यानं मला माहेरी नाय धाडली. दुसऱ्या दिवशी परत चुलीपाशी बसवली. तुमचा तर एक पन दात हलला नाय, मास्तर!"

"हळू बोला आजी, लोक हसतायत. सोमवारी पाठवा तिला, परत पेपर घेतो."